जुवावरचे कान

गोठ्याच्या मागच्या भिंतीला आमचं जुनं जू टेकवून ठेवलेलं आहे. बैलांच्या खांद्यावर असतं ते जू. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काही काम उरलं नाही. ज्या देवणी जातीच्या जोडीनं ते वाहिलं, तिच्यातला एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा त्याच्या मागोमाग. दोघांनाही यांनी आपल्याच शेतात पुरलं. घरात सगळे यांना अप्पा म्हणतात, मीही इथं तेच म्हणते.

जू मात्र तसंच राहिलं. एक टोक पावसापाण्यानं पार काळं, भुसभुशीत झालेलं. मी कितीदा म्हटलं, फोडून बंबात घाला, आठवडाभर पाणी तापेल. अप्पांचं उत्तर ठरलेलं.

"औताचं लाकूड जाळत न्हाईत."

आमच्या भागात तसा नेमच आहे. तिफण असो, वखर असो, जू असो, ज्यानं आपलं पोट भरलं त्याला चुलीत घालायचं नाही आणि भंगारातही द्यायचं नाही. कुजून मातीला मिळालं तर मिळू दे. त्यामुळे देवणी गावाच्या आसपास कुठंही जा, गोठ्यामागं असं एखादं लाकूड निवांत कुजत पडलेलं दिसेल. त्याखाली विंचू बसतात, झाडताना ते आडवं येतं, आणि घरातल्या बाईनं तोंड उघडलं की तिला पाप-पुण्य ऐकवलं जातं. मी जन्मभर शाळेत पोरांना गप्प बसवलं, पण या एका लाकडापुढं माझं काही चाललं नाही. बरं झालं चाललं नाही, असं आता मीच म्हणते. ते का, हे सांगायचं तर सुनेपासून सुरुवात करायला हवी.

सून मणिपूरची. मुलगा हैदराबादला नोकरीला, तीही तिथंच, तिथंच त्यांचं जमलं. आमच्या घरात विभूती लावून पूजा केल्याशिवाय चहा होत नाही आणि अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अशा घरात ही पोरगी कशी राहणार, ही काळजी सगळ्या भावकीला होती. तिला स्वतःला नव्हती. ठेंगणीठुसकी, सदा हसतमुख, पदर डोक्यावरून दहा वेळा घसरला तरी अकराव्यांदा घेणारी. मराठी बोलताना बैलाला ‘ती’ म्हणायची आणि म्हशीला ‘तो’. अप्पा मोठ्यानं हसायचे आणि मग म्हणायचे, "बोलू दे तिला तसंच, म्हशीला काय फरक पडतो?"

तिला दिवस गेले आणि सगळं हसणं थांबलं. पोटात अन्न म्हणून ठरेना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण उदगीरच्या डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास बंद केला. विमान, मग पुढं पावसातले डोंगरातले रस्ते, नकोच म्हणाल्या. तिच्या आईला येता येईना, कारण वडील अंथरुणाला खिळलेले. मुलगा दिवसभर कचेरीत. म्हणून ती आमच्याकडं आली.

मी काय काय केलं नाही! मऊ भात केला, मुगाचं पातळ वरण केलं, लाह्यांचं पाणी दिलं, ताजं ताक दिलं. येसराची आमटी तर माझी अशी असते की शेजारीण वाटी घेऊन येते. पण फोडणीचा वास गेला की ही मोरीकडं धावायची. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, माझ्याकडं बघून कसाबसा गिळायची आणि मिनिटाभरात परत बाहेर. बाकीच्यांचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबतं. हिचा सहावा लागला तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिचं वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय आणि बाळाची वाढ मागं पडतेय. अन्न टिकलं नाही तर लातूरला दवाखान्यात ठेवावं लागेल.  मला खरंच भीती वाटत होती.

पोटुशीनं मागितलेलं नाही म्हणू नये, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. तिनं आभाळातला चंद्र मागितला तर निदान परातीत पाणी घालून दाखवावा. मी तिला रोज विचारायची, "काय खावंसं वाटतं गं?" आणि ती रोज म्हणायची, "काही नाही, आई." मी डोहाळे पुरवायला कंबर कसून बसलेली, आणि हिला डोहाळेच नव्हते.

श्रावणात झड लागली. तीन-चार दिवस सूर्य दिसला नाही, सगळं अंगण चिकचिकीत. अशा एका सकाळी ती गोठ्यामागं गेली आणि तिथून ओरडली, "आई! आई!"

मला वाटलं साप. काठी घेऊन धावले. बघते तर ही बाई जुवापुढं उकिडवी बसून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती.

जुवाच्या कुजक्या टोकाला कान फुटले होते. मला दुसरा शब्द सुचत नाही. तांबूस काळे, मऊ, ओलसर, अगदी माणसाच्या कानासारखे वळलेले, एकावर एक, एकाला खेटून एक. बाहेरून बारीक मखमल, आतून गुळगुळीत, त्यात शिरा. मी बोट लावलं तर ते थंडगार आणि लिबलिबीत, पण चिकट मात्र नाही. तान्ह्या बाळाच्या कानाची पाळी धरावी तसं वाटलं. उजेडापुढं एक धरला तर आरपार तांबडा दिसला. इतकी वर्षं त्याच भिंतीशी शेणाच्या पाट्या टाकत आले, दर श्रावणात ते उगवत असणार, आणि मी कधी मान वळवून बघितलं नव्हतं. बघितलं असेल तर ‘शी, बुरशी’ म्हणून पुढं गेले असेन.

"आमच्याकडं हे खातात," ती म्हणाली. "उचिना म्हणतात. आई, मला हे पाहिजे."

डोहाळा लागला एकदाचा, आणि तो कशाचा, तर कुजक्या लाकडावरच्या बुरशीचा!

तिनं तिथंच फोन लावून आईला दाखवलं. पलीकडून विहीणबाईंनी पुढून दाखव, मागून दाखव, मोडून दाखव असं करत तिची चांगली परीक्षाच घेतली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण शेवटी त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन खाल्ल्यासारखं केलं, ते मला कळलं. मग पोरगीला बोलायला विषय मिळाला. नुसती काळीच नसते म्हणाली, या जातीत पांढरीही असते, झालरीझालरीची, तगरीच्या दाट फुलासारखी. ती साखर घालून मंद आचेवर शिजवली की पाण्याचाच दाट रस होतो. पिवळीही असते, लोण्याचा गोळा फासल्यासारखी, तिला मात्र कुणी विचारत नाही, नुसती बघायला. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या सरपणाच्या ढिगातून पिवळीही शोधून काढली. बाभळीच्या एका फांदीवर हळद सांडल्यासारखी बसली होती. मी तिला बोट लावलं, तर थरथरली.

मला या वस्तूचं कौतुक वाटायला लागलं, ते तेव्हापासून. बी पेरलं नाही, खत नाही, कुणी पाणी दिलं नाही. जे लाकूड आपण मेलं म्हणून टाकून दिलं, त्याच्यावर ही हसत उगवणार. दुपारी थोडं ऊन पडलं की आक्रसून बसायची, संध्याकाळी सर आली की पुन्हा टवटवीत. मी आपली चहाचा कप घेऊन दोनदा तिकडं चक्कर मारायला लागले.

पण खायचं म्हणजे दोन अडचणी होत्या. एक, माझी छाती होईना. विहीणबाईंनी फोनवरून पास केलं असलं तरी पोटातल्या बाळाचा प्रश्न होता, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय मी घास देणार नव्हते. सुनेनंही ते मानलं. तशीही ती म्हणाली, अजून लहान आहेत, चार दिवसांत तळहाताएवढे होतील. मुलगा फोनवर म्हणाला, हैदराबादला सुकं पाकीट मिळतं, घेऊन येतो. तर म्हणाली, "पाकिटातलं नको, हेच पाहिजे." डोहाळ्यांपुढं कुणाचं चालतं!

दुसरी अडचण म्हणजे अप्पा. कांदा-लसूण त्यांना चालतो, पण भूछत्राचं नाव काढलेलं खपत नाही. "कुत्रं पाय वर करतं तिथं उगवतंय ते," असं त्यांचं पक्कं मत. एकदा लग्नात कुणीतरी पनीर म्हणून मशरूम वाढलं, तर पंगतीतून उठून गेले होते. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, आधी डॉक्टरीणबाईंचा होकार घेऊ, मग मी एखाद्या बऱ्या वेळी अप्पांना सांगेन. तोवर तोंड बंद.

तपासणीचा दिवस नेमका पोळ्याचा आला. मुलगा सुट्टी काढून आला होता, आम्ही तिघं सकाळीच उदगीरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी फोनमधला फोटो बघितला आणि हसायलाच लागल्या. "अहो, हे आपण चायनीजच्या सूपमध्ये खातो की! काळे काळे तुकडे असतात बघा. ओळख पक्की असेल तर चांगलं उकळून द्या. आता ही जे मागेल आणि जे टिकेल, ते द्या." म्हणजे नांदेडला भाचीच्या वाढदिवसाला मी जे आंबट-तिखट सूप दोन वाट्या प्याले होते आणि त्यातला काळा कोबी फार छान म्हणाले होते, तो कोबी हाच. मी कपाळाला हात लावला. सून गाडीत सारखी बोलत होती, आलं आहे ना, हिरवी मिरची आहे ना, कोथिंबीर घेऊ या का. वजन मात्र आणखी उतरलं होतं, तेवढं मी तिला सांगितलं नाही.

घरी पोचलो. ती चप्पल न काढता थेट गोठ्यामागं गेली. मी मागोमाग.

जू लखलखत होतं. आता बैल नाहीत म्हणून पोळ्याला अप्पा जुवाचीच पूजा करतात, आणि उदगीरच्या गडबडीत तेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. बैलांची करायचे तशी खांदेमळणी जुवाची होते. आधी घासून धुणं, मग लोणी-हळद चोळणं, मग गेरू. त्या वर्षी त्यांनी ते जरा जास्तच मनापासून केलं होतं. घरात बाळ येणार म्हणून. काळं टोक खुरप्यानं खरवडून स्वच्छ केलेलं, वर गेरूचे पट्टे, मधोमध बेलाचं पान. एक कान शिल्लक नव्हता.

अप्पा आमच्याकडं बघत उभे होते, कौतुकाची वाट बघत. सून पुढं झाली. जुवाला हात जोडले आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

मग मी अप्पांना घेतलं फैलावर. "बारा महिने कुजलेलं दिसलं न्हाई, आजच बरं दिसलं!"

"अगं, मी आपलं पोळ्याचं करत व्हतो. बुरशी चढली व्हती, देवाला तशीच ठिवू का?"

"बुरशी न्हाई ती. पोरीला डोहाळा लागला होता त्याचा. त्याच्यावर जीव टांगून बसली होती ती."

अप्पा खाटेवर बसले.  "मग मला सांगायचं न्हाई का?" एवढंच म्हणाले. त्यांचंही खरं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे आम्ही त्यांच्या वतीनं आधीच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशीची पुरणपोळी कुणाला गोड लागली नाही. पोळा झाला आणि पाऊस दडी मारून बसला, कडक ऊन पडायला लागलं. सून म्हणायची, लाकडाच्या आत जीव असतो, पाऊस आला की परत येतील. पण आभाळ कोरडं, आणि ती दिवसभरात दोन घोट पाणी आणि चिमटीएवढ्या लाह्यांवर. लातूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी पिशवी भरून ठेवली. अप्पा रोज सकाळी उठून कुठंतरी जायचे आणि दुपारी घामाघूम परत यायचे. कुठं जाता विचारलं तर सांगायचे नाहीत. नंतर कळलं की ते ओढ्याकाठची पडलेली झाडं उलथून बघत होते. पंगतीतून उठून जाणारा माणूस!

सोमवारी मी गच्चीवरून निर्माल्याची टोपली उचलली. वाहिलेली फुलं, बेल आम्ही कचऱ्यात टाकत नाही. टोपलीत साठवतो आणि सोमवारी नदीला सोडतो. ऊन लागावं म्हणून मधले दिवस टोपली गच्चीवर असते. नदीवर जाण्याआधी नारळाची शेंडी काढून ठेवावी म्हणून हात घातला, तर बोटाला काहीतरी टणक लागलं. सुकलेल्या झेंडूखाली काळ्या टरफलांचा ढीग होता. कडक, हलकी, वाजणारी. आधी वाटलं चिंचेची टरफलं. मग एकाचा वळसा दिसला.

मी अप्पांना हाक मारली. "अवो, हे टोपलीत कुणी टाकलं?"

"मीच की. जुवावरनं काढलेलं. पुजेच्या वस्तूवरचं उकिरड्यावर कसं टाकावं? म्हणलं, जाऊ दे फुलांसंगं."

मला वाटलं, वाळून कोळसा झालेत, आता काय उपयोग. तरी सुनेला दाखवावेत म्हणून ओंजळीत घेऊन गेले. ती पडल्या पडल्या बघत राहिली, आणि मग अशी उठली की मीच मागं सरले. "आई, पाणी! परातीत पाणी!"

परात जमिनीवर ठेवली. तिनं ते तुकडे चार पाण्यांनी खळखळून धुतले, निवडले, कोमट पाण्यात सोडले. आम्ही तिघं परातीभोवती बसलो. आधी नुसतेच तरंगत राहिले. मग एकाची कड हलली. एक आळस दिल्यासारखा उलगडला. काळ्याचा तांबूस झाला, टरफलाचा परत कान झाला, आणि मूठभर वाळलेल्या कचऱ्यानं बघता बघता परात भरली. मी आयुष्यात खूप काही वाळवलं आहे, सांडगे, कुरडया, मेथी, गवार. पण वाळलेलं असं पुन्हा जिवंत होताना मी कधी बघितलं नव्हतं. अप्पांनी एक कान उचलून बोटांत धरला.

"जितं झालं की गं हे," ते म्हणाले.

आता घरात हे शिजवायचं कसं, हा प्रश्न मी विचारणारच होते. पण अप्पांनीच तो निकाली काढला. "देवाच्या टोपलीतनं आलंय. परसाद हाय. परसादाला न्हाई म्हणायचं नसतंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बघत काय बसलीस? चूल पेटीव."

स्वयंपाक तिनंच केला. फोडणी नाही, तेल नाही. पाण्याला चांगली खळखळ उकळी, त्यात कान, ठेचलेलं आलं, एक बटाटा, चिरलेली मिरची, मीठ, आणि उतरवताना कोथिंबीर. मी बाजूला काळं तिखट घेऊन उभी होते, तिनं हातानंच नको म्हटलं. ताटलीत घेतलं. खाल्लं. आम्ही दोघं मोरीच्या दाराकडं बघत होतो. ती उठली नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, कानांचा दाताखाली करकर आवाज येत होता. मग म्हणाली, "आई, थोडा भात आहे?"

मी भात वाढायला आत गेले आणि तिथंच भांड्यांआड रडून घेतलं.

मीही चाखलं. कानाला स्वतःची चव म्हणाल तर नाहीच. आल्याची घेतो, मिरचीची घेतो, जे पाणी द्याल त्याचा होतो. पण दातांखाली तो आपला बाणा सोडत नाही, इतका उकळला तरी करकरतोच. मला हा गुण फार आवडला, आणि तो मी आणखी कुणात बघितला होता हे मी मनात ठेवलं. अप्पांनी प्रसाद म्हणून एक तुकडा कपाळाला लावला, डोळे मिटून तोंडात टाकला आणि म्हणाले, "वाईट न्हाई." त्यांच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

लातूरची पिशवी मी रिकामी केली. भातावर एक दिवस गेला, मग भाकरी टिकली, मग एकदा तिनं स्वतःहून येसराची आमटी मागितली. नात लातूरलाच झाली, पण वेळेवर, आणि चांगली वजनदार. डोंगरातून विहीणबाईंचं पार्सल आलं, त्यात सुकलेली पांढरी झालर होती. मी ती साखरेत शिजवली, वेलदोडा घातला, खिरीसारखी वाट्यांत वाढली. ती घशातून कशी अलगद उतरते, हे बाळंतिणीलाच विचारावं.

यंदाच्या पोळ्याला सगळे गावी होते. पाऊस रुसलेला, गोठ्यामागची माती भेगाळलेली. अप्पांनी जू घासलं, धुतलं, लोणी-हळद चोळायला घेतली. एका टोकाकडून सुरुवात करून चोळत चोळत आले आणि काळं टोक वीतभर राहिलं तिथं हात थांबवला. त्या टोकाला मागच्या सरीचे दोन-तीन कान वाळून चिकटलेले होते. गेरूचा पट्टाही त्यांनी त्याच्या अलीकडंच ओढला.

"अर्धंच केलं व्हय?" मी विचारलं.

"तेवढं राहू दे," ते म्हणाले. "तिकडं सुनंचं माहेर हाय."

सून माझ्याशेजारीच उभी होती. तिला आता मराठी सगळं कळतं. तिनं नातीला माझ्या कडेवर दिलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या कोरड्या टोकावर तिनं तो धार धरून सगळा ओतला. पाणी लाकडात झिरपून गेलं.

अप्पा ओल्या लाकडाकडं बघत म्हणाले, "अजून एक आण, बाई."